जुन्या कचेरीत आमचं वाचनालय आहे. छत बदलायच्या आधी ही इमारत समजून घ्यायची आहे

ग्रंथपाल_खानापूर

सगळ्यांना नमस्कार. थोडं लांबेल, पण वाचा. निर्णय मिरगाच्या आत घ्यायचा आहे.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, एका बाजाराच्या गावात मी मराठी वाचनालय सांभाळते. गावाचं नाव देत नाही, कारण ज्या देणगीदारांबद्दल पुढं लिहिणार आहे ते इथलेच आहेत आणि मनाने फार चांगले आहेत. वाचनालय ज्या इमारतीत आहे तिला सगळा गाव 'जुनी कचेरी' म्हणतो. मुंबई इलाख्याच्या काळात इथं महालकरी, म्हणजे महसुली अंमलदार, बसायचा, शेतसारा इथं भरला जायचा, असं म्हातारी माणसं सांगतात. पुढं तलाठ्याचं दफ्तर, मग रेशनचं धान्य, आणि त्यानंतर आम्ही. माझ्या सासऱ्यांच्या पिढीने खोल्या झाडून, पोत्यांचा भुसा काढून इथं पुस्तकं लावली.

मागच्या बाजूचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, गळतंय. गेल्या पावसात संदर्भग्रंथांचं एक कपाट ओलं झालं. आता गावच्याच एका गृहस्थांनी सगळा खर्च उचलतो म्हणून सांगितलंय: कौलं काढून स्लॅब, भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, पडवीचे लाकडी खांब काढून तिथं काँक्रीटचे. कमिटीतले बहुतेक जण तयार आहेत. मला मात्र ही इमारत नीट कळल्याशिवाय तिला हात लावू द्यावासा वाटत नाही.

इमारत अशी आहे. भिंती जांभ्याच्या, दारात पट्टी लावली तर दोन फुटांना थोड्या कमी. जोतं कमरेएवढं उंच. पुढं आणि पश्चिमेला पडवी. दर्शनी दार रुंद आहे, त्याच्यावर लोखंडी तुळई. आत मोठं दालन, वर छप्पर पेलणाऱ्या उघड्या लाकडी कैच्या, आणि पूर्वेकडच्या टोकाला वीतभर उंच चौथरा. त्या चौथऱ्यावर आम्ही मासिकांचं टेबल ठेवलंय.

डाव्या अंगाला एक खोली आहे, तिला खिडकीच नाही. वर दोन हात लांबीचा झरोका, त्याला गजांच्या दोन रांगा. दार लोखंडी पत्र्याचं. या एकाच खोलीवर कौलं दिसत नाहीत, लोखंडी तुळयांच्या मधे विटांच्या उथळ कमानी आहेत. जमिनीत एक मोठा चौकोनी दगड आणि त्यात शिसं ओतून बसवलेल्या चार लोखंडी कड्या. मुलं त्या कड्या उचलून वाजवतात.

मागं लांबट खोली आहे. तिच्या भिंतीत जमिनीलगत एक ओळ आणि कौलांखाली एक ओळ अशी भोकं ठेवलेली आहेत, आडवी, हात जाईल एवढी. परसात एक सुटी कोठडी, गजांच्या दाराची. तिथं सध्या लॉनचं यंत्र आणि जुने बाक आहेत.

माझे प्रश्न असे. उतरवलेल्या कौलावर 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असा ठसा आहे, त्यावरून गावातल्या फलकावर इमारत १८६५ ची म्हणून लिहिलंय. ते बरोबर धरायचं का? कुठल्या खोलीत काय चालत होतं? आणि स्लॅब घालावा का? जाणकारांनी सांगा की.

शिवाजीनगरचा_अभ्यासू

ताई, मी सध्या बेळगावात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, गाव तुमच्याच बाजूला. मला तरी स्लॅब बरा वाटतो. वर एक मजला चढवता येईल, मुलांना अभ्यासिका होईल. आमच्या गावात बसायला जागा नाही म्हणून मला इथं खोली घेऊन राहावं लागतंय. जुनं जपावं हे खरं, पण मुलांना टेबल, लाइट आणि संडास लागतो. त्याचा विचार आधी व्हावा.

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, तुम्ही इमारत अगदी नकाशा काढल्यासारखी सांगितलीत, त्यामुळं न बघताही बरंच बोलता येतं. मी बांधकाम खात्यात होतो. बेळगाव, हुक्केरी, अथणी, खानापूर अशा कचेऱ्यांच्या डागडुजीत माझी नोकरी गेली, म्हणून अधिकाराने लिहितो.

आधी सालाचं. १८६५ हे साल तुमच्या इमारतीचं नाही. बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि ते स्थापनेचं साल ते पुढं कित्येक वर्षं कौलांवर उठवत राहिले. म्हणजे कौल १८६५ नंतरचं, एवढंच त्यातून निघतं. पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मिशन म्हणून त्यांची मालमत्ता इंग्रज सरकारने ताब्यात घेतली आणि मग ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा बासेल मिशनचा ठसा म्हटला की कौल साधारण युद्धाच्या आधीचं. पण कौल ही बदलती वस्तू. पडक्या बंगल्याची कौलं उतरवून कचेरीवर चढवलेली मी पाहिली आहेत. म्हणून एका ठशावर साल लिहू नये, सगळं पाखं बघावं. एकाच ठशाची कौलं रांगेने असतील तर ती एकदम आलेली आहेत.

दुसरं, ही कौलं खानापुराकडे पोचली कशी ते बघा. मंगळुराहून माल समुद्राने यायचा. आधी वेंगुर्ल्याला उतरून आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांवर. १८८७ मधे बेळगावला रेल्वे आली, १८८८ मधे मुरगाव ते कॅसलरॉक मार्ग सुरू झाला आणि लोंढा जंक्शन झालं. त्यानंतर बंदरात उतरलेलं कौल आणि लोखंड वाघिणीने थेट तुमच्या तालुक्यात येऊ लागलं. एवढी मोठी लोखंडी तुळई घाटाने गाडीवर आणणं अशक्य नाही, पण रेल्वेने आणणं कितीतरी सोपं. दर्शनी दारावरच्या तुळईचा रंग एका टोकाला हलक्या हाताने खरवडून बघा. उभ्या पत्र्यावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ते मिळालं तर मला इथंच कळवा.

आता खोल्या. ही कचेरी म्हणूनच बांधलेली आहे, कुणाचा वाडा घेऊन केलेली नाही, हे मी तुमच्या वर्णनावरून खात्रीने सांगतो.

खिडकी नसलेली खोली म्हणजे खजिना. शेतसाऱ्याचा पैसा हप्त्याच्या दिवसांत इथं जमायचा आणि पोलीस गारदीबरोबर पुढं जायचा. त्या चार कड्यांना तिजोरीची पेटी जखडलेली असायची. कौलं काढून चोर उतरू नये म्हणून त्या एकाच खोलीवर विटांच्या कमानी घातल्या. पेटी नेता येऊ नये म्हणून कड्या, वरून शिरता येऊ नये म्हणून कमानी, झरोक्यातून हात घालता येऊ नये म्हणून गजांच्या दोन रांगा. त्या खोलीत एकही गोष्ट शोभेसाठी नाही. मुलांना कड्या वाजवू द्यात, पण उखडू देऊ नका.

लांबट खोली दफ्तराची. रुमालात बांधलेले कागद घडवंच्यांवर रचून ठेवायचे. जमिनीलगतच्या भोकांतून गार हवा आत येते आणि वरच्या भोकांतून ऊबदार हवा निघून जाते. तुमच्या भागात चार महिने पाऊस थांबत नाही, कोंडलेल्या खोलीत कागदाला बुरशी धरते. ही भोकं बुजवलेली आहेत का? माझा अंदाज आहे की रेशनच्या काळात उंदरांसाठी कुणीतरी बुजवली असणार. तसं असेल तर उघडा, आतून बारीक जाळी मारा आणि पुस्तकांची कपाटं त्या खोलीत हलवा. कागद कोरडा राहावा म्हणूनच ती खोली बांधलेली आहे. तुमचं ओलं झालेलं कपाट कुठं होतं ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुधा दालनात, भिंतीला चिकटून असावं.

चौथरा हाकिमाचा. महालकरी तिथं टेबल-खुर्ची टाकून बसायचा, समोर कारकून मांडीवर दप्तर घेऊन आणि पक्षकार उभे. वहिवाटीचे, वाटेचे, पाण्याचे तंटे महसुली अंमलदारापुढंच चालायचे, १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा त्यासाठीच केलेला. चौथऱ्याच्या बाजूला उत्तरेकडे खिडकी आहे का बघा. असेल तर ती हाकिमाकडे तोंड करून लिहिणाऱ्या कारकुनाच्या डाव्या हाताला येते, म्हणजे लेखणीची सावली अक्षरावर पडत नाही. असल्या बारकाव्यांवरून बांधणाऱ्याची अक्कल कळते.

परसातली कोठडी कच्च्या कैद्यांची, आणि पडवी लोकांची. पुकारा होईपर्यंत शेतकरी तिथं बसायचा, म्हणून ती पश्चिमेला वळवून रुंद ठेवली. पावसाचा मारा तिकडूनच येतो. झड पडवीने अंगावर घ्यायची आणि भिंत कोरडी ठेवायची अशी ती रचना आहे. अथणीला जा, पाऊस तुमच्या निम्म्याहून कमी, तिथं माळवदाची सपाट छपरं चालतात. खानापुरात चालत नाहीत. आपल्या एका जिल्ह्यात दोन्ही तऱ्हा आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता स्लॅब. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: घालू नका.

पाच इंची स्लॅबचं नुसतं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. मंगलोरी कौलं रिपांसकट (खालच्या लाकडी पट्ट्यांसकट) धरली तरी पासष्ट-सत्तर किलोच्या आसपास. तुमच्या भिंती जाड आहेत, पण आतल्या दरजा चुन्याच्या किंवा कदाचित मातीच्याच. हलक्या छपरासाठी बांधलेल्या भिंतीवर चौपट ओझं आणि वर आणखी मजला, याला मी कधी सही दिली नसती. पाया उकरून बघितल्याशिवाय कुठलाही चांगला इंजिनिअर देणार नाही.

गिलाव्याचं त्याहून वाईट. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवेत राहून टणक होतो. पण तो जन्मभर भोकाभोकांचाच दगड. पावसात ओल पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. वर सिमेंट थापलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, रेनकोट घालून नांगर धरल्यावर माणूस आतून भिजतो तसं. मग ती ओल आतल्या बाजूने फुटते, क्षार येतात, दगडाची पूड होते, आणि एक दिवस सिमेंटचा पापुद्रा दगडाचा थर घेऊनच खाली येतो. चुना तसं करत नाही. तो दगडापेक्षा मऊ असतो आणि त्यातून ओल ये-जा करते. खराब व्हायचं तर चुना खराब होतो, दगड वाचतो. चुना दहा वर्षांनी पुन्हा लावता येतो, दगड लावता येत नाही.

गळतीचं कारण नव्वद टक्के वेळा कौल नसतंच. रीप कुजून खाली बसते, कौलाचा उतार मोडतो आणि पाणी मागं वळतं. त्या पाख्याची कौलं उतरवून रचून ठेवा, ब्रशने शेवाळ काढा, प्रत्येक कौलावर टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर बाजूला. वासे सागवानी किंवा मत्तीचे (ऐनाचे) असतील तर बहुतेक टोकालाच, भिंतीत शिरतात तिथंच कुजलेले निघतील. तेवढं टोक कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देता येतो, सगळा वासा टाकायची गरज नसते. रिपा मात्र सगळ्या नव्या घाला.

आणि अभ्यासू, तुझं म्हणणं मी बाजूला सारत नाही. मुलांना जागा हवीच. पण ती डोक्यावर कशाला? परस आहे ना. तिथं संडास आणि अभ्यासिकेची साधी, वेगळी, आधुनिक इमारत बांधा, जुन्या भिंतीला न टेकवता. देणगीदारांचं नाव तिच्यावर येऊ दे. नवीन इमारत बांधून दिल्याचा मान मोठाच आहे.

ग्रंथपाल_खानापूर

काका, तुमचं उत्तर वाचून लगेच दोन पोरांना शिडीवर चढवलं. तुळईवरचा रंग निघाल्यावर 'डॉर्मन लाँग' आणि 'मिडल्सब्रो' अशी अक्षरं आली. दफ्तरखोलीतली खालची भोकं खरंच बुजवलेली आहेत, फुटक्या विटा आणि सिमेंट घालून, वरची उघडी आहेत. आणि चौथऱ्याच्या बाजूला उत्तरेची खिडकी आहे! तिच्यासमोर आम्ही कपाट लावून ती झाकून टाकली होती. ओलं झालेलं कपाट तेच. आज ते हलवलं. दुपारी चौथऱ्यावर बसून नोंदवही लिहिली तर दिवा लावावा लागला नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

डॉर्मन लाँग ही इंग्लंडमधली मिडल्सब्रोची कंपनी, १८७५ ची. आपल्याकडं जमशेदपूरला टाटांचं पोलाद निघायला लागलं ते १९१२ मधे, तोवर तुळया विलायतेहूनच यायच्या, आणि नंतरही बरीच वर्षं येत राहिल्या. तुळई, बासेल मिशनची कौलं आणि रेल्वे हे तिन्ही एकत्र धरलं तर माझा कल १८८८ ते पहिलं महायुद्ध या मधल्या काळाकडे जातो. फलकावर साल लिहायचंच असेल तर कागद सापडेपर्यंत थांबा.

धारवाडची_सून

माहेर बेळगाव, सासर धारवाड, म्हणून या विषयात बोलल्याशिवाय राहवत नाही. जुनं ऑफिस नव्या कामाला कसं लागतं याचं आपल्या भागातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे धारवाडचं कर्नाटक कॉलेज. माझे सासरे तिथं शिकले. कॉलेजची मुख्य इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वे कंपनीचं मुख्य कार्यालय होती.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात आपला दक्षिण मराठा मुलूख होरपळला. धान्य होतं तिथून माणसं मरत होती तिथं पोचवायला वाट नव्हती. त्यातून १८८२ साली ही कंपनी उभी राहिली आणि विजापूर, गदग, हुबळी, बेळगाव भागात मीटरगेज रूळ पडले. त्या सगळ्या रुळांचा हिशेब धारवाडात बसून लिहिला जायचा. १९०८ मधे ही कंपनी मद्रास रेल्वेत विलीन झाली, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे असं जोडनाव आलं आणि मुख्य कचेरी मद्रासला गेली. एवढी मोठी दगडी इमारत धारवाडला मागं राहिली. १९१७ साली कॉलेज सुरू झालं आणि पुढं ते याच इमारतीत नांदलं. तेव्हा सगळा मुंबई विद्यापीठाचा कारभार, कर्नाटक विद्यापीठ नंतरचं.

शंभर वर्षं ते चाललं याचं कारण मला असं वाटतं की इमारतीला तिच्या स्वभावाविरुद्ध काही करायला लावलं नाही. ऑफिसच्या मोठ्या, उजेडाच्या खोल्या वर्गांना चालल्या. ताई, तुमच्याकडेही तेच होतंय. कागद ठेवायच्या खोलीत पुस्तकं, लोकांनी बसायच्या पडवीत वाचक. फार काही बदलावंच लागत नाही.

मुंबईचंही सांगते. आपल्या बेळगाव जिल्ह्याचे कागद सरतेशेवटी जिथं जायचे ते ओव्हल मैदानासमोरचं जुनं सेक्रेटरिएट, कर्नल विल्किन्स यांनी आखलेलं, १८७४ साली पुरं झालेलं. कारभार १९५५ मधे नव्या सचिवालयात गेला आणि आता तिथं सिटी सिव्हिल कोर्ट भरतं. तुमची कचेरी त्या इमारतीची सगळ्यात धाकटी बहीण म्हणायला हवी.

वकील_कॅम्प

कायद्याचं थोडक्यात. आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. सिटी सर्व्हे झालेला असेल तर सीटीएस उतारा, नसेल तर पंचायतीचा ई-स्वत्तू (मिळकतीचा उतारा) आणि पहाणी (कर्नाटकातला सातबारा) काढा. मालकी अजून महसूल खात्याकडे असेल आणि वाचनालय नुसतं वापरात असेल, तर कमिटीला कौल हलवायलाही लेखी परवानगी लागेल, स्लॅबची गोष्ट दूरच. देणगीदारांच्या पैशाने सरकारी इमारत बदलली आणि उद्या कुणी तक्रार केली तर त्रास त्यांनाच होईल. हा मुद्दा त्यांच्यापुढं प्रेमाने मांडा, त्यांच्या हिताचाच आहे.

राज्याच्या १९६१ च्या पुरातत्त्व कायद्याचं संरक्षण यादीतल्या वास्तूंनाच मिळतं. तुमची इमारत यादीत नसणार. म्हणजे तिला वाचवणारे तुम्हीच. पण लोकांनी मनावर घेतलं तर होतं. बेंगळुरूची अठरा कचेरी, जिथं आज आमचं उच्च न्यायालय आहे, ती १८६८ ची लाल इमारत १९८० च्या दशकात पाडायचं चाललं होतं. नागरिक कोर्टात गेले. अर्ज फेटाळला गेला, पण तोवर एवढी चर्चा झाली होती की इमारत राहिली ती राहिलीच. मी अजून कामाला तिथं गेलो की त्या खांबांमधून चालताना बरं वाटतं.

मोडीवाचक_बेळगाव

मी शाळेत इतिहास शिकवतो, मोडी वाचतो. ताई, साल शोधायचं असेल तर सुरुवात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या एकविसाव्या खंडापासून करा. बेळगाव जिल्ह्याचा तो खंड १८८४ चा आहे. त्यात गावांची वर्णनं आहेत, कचेरी, शाळा, टपाल, दवाखाना काय काय आहे ते गावागणिक दिलेलं असतं. तुमच्या गावाच्या नोंदीत कचेरी असेल तर त्या जागी त्याआधीही काही होतं, नसेल तर ओव्हरसियर काकांचा अंदाज पक्का होतो. पुढचं मुंबईच्या पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. इलाख्याच्या महसूल आणि बांधकाम खात्याची बाडं तिथं आहेत. कचेरी बांधायला पैसा लागला म्हणजे मंजुरीचा कागद झालाच असणार.

आणि एक मनातलं. तुमच्या तालुक्यात कचेरी या गोष्टीला मोठा इतिहास आहे. १८१८ मधे मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. १८३६ पर्यंत आपण धारवाड जिल्ह्यात होतो. राणी चेन्नम्माचं कित्तूर संस्थान पडल्यावर तिच्या पदरच्या संगोळ्ळी रायण्णाने याच रानात लढा दिला, सरकारी कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. १८३१ मधे त्याला नंदगडला फाशी दिलं, त्याची समाधी तिथंच आहे, तुम्हाला सांगायला नको. ज्या कचेरीत आपल्या पणज्यांनी पडवीत ताटकळत सारा भरला, दरडावणी ऐकली, तिथं आज त्यांचीच पोरं खुर्चीवर बसून पेपर वाचतात. मला ती इमारत म्हणूनच जपावीशी वाटते, सत्तेची आठवण म्हणून नव्हे. कोठडीतलं लॉनचं यंत्र काढा आणि ती मुलांना उघडून दाखवा. तिथं काय होत होतं ते सांगा. शाळेची सहल मी घेऊन येतो.

बेळगावच्या किल्ल्यातही असंच एक घर आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावला आले तेव्हा आधी रिसालदार गल्लीत भाट्यांकडे उतरले आणि मग किल्ल्यात हरिपद मित्र या वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या घरी. ते घर आज रामकृष्ण मिशनच्या आश्रमात जपलेलं आहे. मुलांना भिंत दाखवून इतिहास सांगितला की तो लक्षात राहतो, हा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

शिवाजीनगरचा_अभ्यासू

काका, परसात वेगळी अभ्यासिका हे पटलं. फक्त ती खरंच होऊ दे. जुन्याची डागडुजी झाली की पैसा संपतो आणि मुलांचं राहून जातं, असं नको. आधी संडास बांधा. मुलींना त्याच्यामुळंच वाचनालयात जास्त वेळ थांबता येत नाही. माझी बहीण तेच सांगते.

ग्रंथपाल_खानापूर

अभ्यासू, तुझ्या बहिणीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते मी कमिटीत पहिल्याच ओळीत मांडलं.

काल बैठक झाली. देणगीदारांना मी आधी खजिन्याच्या खोलीत नेलं, कड्या दाखवल्या, मग दफ्तरखोलीतलं एक भोक त्यांच्यासमोर फोडून घेतलं. आत हात घातल्यावर बाहेरची हवा हाताला लागली. त्यांचे आजोबा सारा भरायला इथंच यायचे, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. स्लॅब रद्द. परसात संडास आणि एका खोलीची अभ्यासिका ते बांधून देणार, संडास आधी. पडवीचे खांब राहणार. मागचं पाखं उतरवून नव्या रिपा घालायच्या, तो खर्च वर्गणीतून. पहाणीचा कागद काढायला एक जण खानापूरला गेलाय. जागा सरकारच्या नावावर निघाली तर वकीलसाहेब, अर्जाचा मसुदा तुम्ही बघून द्याल का? फलकावरचं १८६५ तूर्त पुसायचं ठरलं.

आता अडचण एकच. चुन्यात काम करणारा गवंडी मिळत नाही. इथले सगळे म्हणतात, सिमेंट मिसळल्याशिवाय धरणार नाही. आणि बासेल मिशनची शंभरएक कौलं कमी पडतील असं दिसतंय. जांबोटी, कणकुंबी, लोंढा भागात कुणी जुनं घर उतरवत असेल तर कळवा, योग्य किंमत देऊ.

निवृत्त_ओव्हरसियर

गवंड्याचं माझ्यावर सोडा. माझ्या हाताखाली काम केलेला एक जण बैलूरकडे आहे, म्हातारा झालाय पण मुलगा शिकलाय. कळीचा चुना आणून आधी खड्ड्यात विरवायला लागेल, पाण्याखाली किमान पंधरा दिवस, जास्त राहिला तर आणखी चांगला. तेव्हा खड्डा उद्याच खणा. सिमेंट चिमूटभरही घालू देऊ नका, घालतो म्हणाला तर मला फोनवर द्या. वाळू नदीची, माती नसलेली. पाखं एकदम सगळं उघडू नका, एका कैचीपासून दुसऱ्या कैचीपर्यंत करत जा आणि ताडपत्री हाताशी ठेवा. वळवाचा भरवसा नाही.